ओढ्याकाठचं भुंकणं

जंगलाच्या फाटकातून गाडी आत शिरली की थोरला पहिला अर्धा तास फारसं बोलत नसे. पर्यटक विचारायचे, "बिबट्या दिसेल ना हो?" तो नुसतं आभाळाकडे बोट करायचा. सगळं वरच्याच्या हातात. लोकांना ते फार आवडायचं. साधा माणूस आहे, भाविक आहे, असं ते आपापसात म्हणायचे. तो होताही साधा आणि भाविक. पण साडेसातला ओढ्यावरच्या पुलाशी जे व्हायचं ते वरच्याच्या हातात नव्हतं. ते त्याच्या धाकट्या भावाच्या घशात होतं.

भेकर म्हणून एक लहानसं हरीण असतं. बिबट्याचा वास आला किंवा गवतात त्याची हालचाल दिसली की ते कुत्र्यासारखं भुंकतं. एकदा भुंकतं, थांबतं, पुन्हा भुंकतं. वाटाडे त्याला कॉल म्हणतात. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांसाठी ती देवानं बांधून ठेवलेली घंटाच. ती वाजली की बाई सरपणाची मोळी तिथंच टाकते आणि मागं फिरते. गुराखी गुरं वळवतो. कुणी कुणाला सांगावं लागत नाही.

या दोघा भावांचा बाप जन्मभर माग काढायचं काम करत होता. त्यानं दोघांनाही भेकराचा आवाज शिकवला. थोरल्याचा आवाज म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा निघायचा. धाकट्याचा निघाला की चरणारी भेकरं मान वर करून बघायची. म्हणून घरात त्याचं नावच भेकरू पडलं.

चार हंगामांपूर्वी बिबटे दिसेनासे झाले होते. पर्यटक येत, तोंड पाडून परत जात, आणि लॉजच्या मालकीणबाईंच्या वहीत काहीबाही लिहून ठेवत. एका सकाळी धाकटा ओढ्याकाठी वहिनीजवळ बसला होता. ती लॉजच्या चादरी तिथं धुवायची. वर पुलाशी भावाची गाडी थांबली. गाडीत आंबट चेहऱ्यांची सहा माणसं. धाकट्याला काय लहर आली कोण जाणे, तो खडकामागं गेला आणि भुंकला. वर गाडीतली सहाच्या सहा माणसं श्वास रोखून ताठ झाली. बिबट्या दिसला नाही तो नाहीच. पण परत जाताना त्यातल्या एका म्हाताऱ्यानं थोरल्याचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाला, "तो इथंच होता. मला जाणवलं."

संध्याकाळी वहिनी हसून हसून बेजार झाली. "अहो, त्यांना बिबट्या नकोच आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "त्यांना एकदा छातीत धस्स व्हायला हवं, बस्स. ते भावजी करतात. आणि भावजींना कुणी चावत नाही."

"उद्या कुणाला कळलं म्हणजे?" थोरला म्हणाला.

"कोण सांगणार आहे? भेकरं?"

तेव्हापासून ते रोजचंच झालं. हंगामाचे चार महिने धाकटा सात वाजता खडकामागं जाऊन बसे. थोरला साडेसातला पुलाशी गाडी थांबवी, इंजीन बंद करी. थोड्या वेळानं कॉल येई. थोरला ओठांवर बोट ठेवी. खाली ओढ्यात वहिनी चादरी बडवत असे. दिराचं भुंकणं ऐकलं की ती हातातल्या लाकडी फळीनं दगडावर दोन ठोके देई. धप्, धप्. म्हणजे, ऐकलं हो भावजी, छान झालं. वरच्या लोकांना ती कुणीतरी धुणं धुणारी बाई वाटायची, आणि ती होतीच.

ती त्याची फार थट्टा करायची. "भावजी, तुमच्यासाठी मुलगी बघायला गेलो तर काय सांगायचं? मुलगा काय करतो? भुंकतो."

"वर्षातून चारच महिने, वहिनी. बाकीचे आठ महिने गप्प असतो. असा नवरा कुठल्या मुलीला मिळतो?"

"त्यापेक्षा भेकरीणच आणू. तिला माहेरही जवळ पडेल."

आई चुलीपाशी बसून हसायची, मग तोंडाला पदर लावायची. तिला हा प्रकार मनापासून पटत नव्हता. "देवानं त्या मुक्या जिवाला एकच शब्द दिलाय," ती एकदा म्हणाली होती, "आणि तोही आपण उचलून वापरतोय." पण घर हसत होतं, थोरला रात्री शांत झोपत होता, आणि आईपुढं आणखी काय असतं?

या हंगामात धाकट्याचं मन उडालं. सत्तावीस वर्षांचा बाप्या, रोज सकाळी ओल्या गवतात उकिडवा बसून भुंकतो. गावातले बरोबरीचे कुणी ट्रक चालवत होते, कुणी दूरच्या शहरात शीतगृहात पेट्या उचलत होते. ती माणसं सुट्टीला येत तेव्हा विचारत, "आणि तू काय करतोस?" तो म्हणायचा, "दादाला मदत." एका ट्रकवाल्यानं त्याला सांगितलं, शीतगृहात माणूस हवाय, मंगळवारी सहाला डांबरी सडकेवर ये, मुकादमाशी गाठ घालून देतो.

मंगळवारी तो अंधार फिटायच्या आत उठला. भावाला सांगितलं तर भाऊ गप्प होईल, आणि ते गप्प होणं त्याला सोसायचं नाही, म्हणून सांगितलं नाही. वहिनीला सांगितलं तर ती हसवून हसवून थांबवील, म्हणून तिलाही नाही. संध्याकाळी काम नक्की करून आल्यावर दोघांना एकदमच सांगू, असं त्यानं ठरवलं. एक दिवस कॉल आला नाही म्हणून काय बिघडतंय? दादा म्हणेल, आज जंगल शांत आहे.

दारात आई भेटली. ती अंगण झाडत होती.

"इकडं कुठं? ओढा तिकडं आहे."

"सडकेवर जाऊन येतो. दादाला बोलू नकोस, मी सांगतो संध्याकाळी."

आईनं त्याच्याकडं नीट बघितलं आणि पुन्हा झाडू लागली. इतकंच झालं. तिनं सुनेला सांगितलं नाही, कारण मुलानं सांगू नकोस म्हटलं होतं.

त्या दिवशी साडेसातला थोरल्यानं पुलाशी गाडी थांबवली. गाडीत एक नवरा-बायको, त्यांची दोन मोठी मुलं आणि एक मावशी. त्यानं इंजीन बंद केलं, तोच कॉल आला. त्याला वाटलं, आज हा घाईत आहे. पुन्हा कॉल आला, आणि पुन्हा. काय लावलंय आज यानं, त्याच्या मनात आलं, आणि त्याला भावाचा अभिमान वाटला. मावशीनं समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. खाली ओढ्यातून दोन ठोके आले. धप्, धप्. थोरला गालात हसला. मुलगा फोनवर चित्रण करत होता. कॉल अधिक जोरात, अधिक लवकर लवकर येऊ लागला. थोरल्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना दहा मिनिटं तसंच बसवून ठेवलं, कारण इतकं सुंदर पुन्हा होणार नाही हे त्याला कळत होतं.

नऊ वाजता लॉजची मोलकरीण धुतलेल्या चादरी आणायला ओढ्यावर गेली आणि किंचाळत परत आली.

जंगलखात्याच्या गार्डनं नंतर समजावून सांगितलं. वाकून बसलेलं माणूस बिबट्याला माणूस दिसत नाही. ते त्याला चार पायांचं, बुटकं काहीतरी दिसतं. वहिनी ओढ्यात वाकून चादर पिळत होती. फार वेळ लागला नसेल, गार्ड म्हणाला, आणि टोपी काढून हातात धरली. तिसऱ्या दिवशी बिबट्या पिंजऱ्यात सापडला. मादी होती, हडकुळी, एका पायाला जुनी जखम. लोक दगड घेऊन बघायला गेले. आईही गेली. लोकांना वाटलं, ही आता थुंकेल. ती पिंजऱ्यापाशी थोडा वेळ उभी राहिली, म्हणाली, "तुलाही त्यानंच भूक दिली, बाई," आणि घरी आली. ट्रकमध्ये घालून पिंजरा कुठं नेला ते गावाला कळलं नाही.

थोरल्याच्या घशाखाली घास उतरेना. ताट समोर ठेवलं की बघत बसायचा आणि उठायचा. दिवसा पुलावर जाऊन बसायचा. दोनदा गार्डनं त्याला हाताला धरून आणलं. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा गार्ड आईला बाजूला घेऊन म्हणाला, "लक्ष ठेवा. हा पुलाच्या कठड्यावर उभा होता. खाली खडक आहेत." आई म्हणाली, "तो काही बोलतो का तुमच्याशी?" गार्ड म्हणाला, "एकच विचारतो. त्या सकाळी कॉल खरा होता का. मी म्हटलं, मला काय माहीत? तू तिथं होतास."

चौथ्या दिवशी थोरल्यानं धाकट्याला विचारलं. धाकटा अंगणात लाकडं फोडत होता. तीन दिवस तो बोलायचं म्हणत होता. मी तिथं नव्हतो, मी सांगून गेलो नाही, मी असतो तर वहिनी वाचली असती. हे सगळं भावाच्या पायावर डोकं ठेवून ओकून टाकायचं होतं. तीन दिवस आपणच एकटे अपराधी आहोत असं तो समजत होता.

"भेकरू," थोरला म्हणाला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "मला एकच सांग. त्या सकाळी तूच ओरडत होतास ना?"

धाकट्याच्या हातात कुऱ्हाड तशीच राहिली. त्यानं भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं. आपण नव्हतो म्हटलं तर तो आवाज भेकराचा. तो भेकराचा म्हणजे घंटा वाजली होती, आणि ज्या माणसाला सगळ्या जंगलात ती सर्वांत चांगली कळते, तो बायकोपासून शंभर पावलांवर ओठांवर बोट ठेवून हसत बसला होता. एक हाक मारली असती तर ती वर आली असती. हे कळल्यावर हा माणूस कठड्यावरून परत येणार नाही.

"मीच होतो, दादा," तो म्हणाला.

"कुठं बसला होतास?"

"नेहमीच्याच जागी."

"तिथून ती साठ पावलांवर होती."

"हो."

"काही दिसलं नाही? काही ऐकू आलं नाही?"

"डोळे मिटून ओरडत होतो. रात्री झोप झाली नव्हती."

"तू असा कधी ओरडत नाहीस," थोरला म्हणाला. "तू तीनदा ओरडतोस, थांबतोस, पुन्हा तीनदा. त्या दिवशी एका दमात किती झाले? मी मोजत नव्हतो. पण तुझं तसं नसतं." त्याचा आवाज अगदी हळू झाला. "उद्या सकाळी चल. तू खडकामागं बस, मी पुलावर थांबतो. ओरड त्या दिवशीसारखं. मला ऐकायचंय."

तो गेल्यावर आई बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती लाकडाच्या ओंडक्यावर बसली.

"तू सडकेवर होतास," ती म्हणाली.

"हो."

"मी बघितलं तुला जाताना. मी तिला सांगायला हवं होतं. इतकंच म्हणायला हवं होतं, आज तुझे भावजी ओढ्यावर नाहीत गं."

"आई, तू नको सुरू करूस. किती जणांचं मी धरून बसू?"

आई पायाशी पडलेल्या ढलप्या गोळा करू लागली. म्हणाली, "खरं सांगितलंस तर तो जातो. खोटं सांगितलंस तर तुला तो घरात ठेवणार नाही. कसंही केलं तरी माझ्याकडं एकच उरतोय."

"मग सांग, काय करू?"

"मी देवाला विचारलं दोन दिवस. तो काही बोलला नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "त्यालाही सुचत नसेल. तू जे करशील ते मी धरून राहीन."

खोटं बोलू नये, हे धाकटा लहानपणापासून ऐकत आला होता. गावच्या कीर्तनात गात गात सांगितलेलं, टाळ्यांच्या ठेक्यावर सांगितलेलं, कानात बसलेलं होतं. पण जो कीर्तनकार ते सांगायचा त्याला कधी सख्ख्या भावानं असं विचारलं नसावं.

आता अडचण दुसरीच होती. जो आवाज त्यानं ऐकलाच नव्हता, तो त्याला उद्या काढायचा होता.

दुपारी तो लॉजवर गेला. हंगाम मध्येच बंद झाला होता. खोल्यांना कुलपं होती. मालकीणबाई चादरींच्या खोलीत घड्या मोजत बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनी स्टूल पुढं केलं.

"बस रे. जेवतोस का काही?"

"नको. बाई, त्या दिवशीच्या पाहुण्यांनी काही पाठवलंय का? फोनवर काढलेलं?"

त्या दचकल्या. "तुला कुणी सांगितलं? पाठवलंय. त्यांना काय बिचाऱ्यांना, घरी गेल्यावर कळलं. त्यांची मुलगी फोनवर रडत होती. म्हणाली, आम्ही तिथंच होतो." त्यांनी फोन उचलला, पुन्हा ठेवला. "पोलिसांना दाखवावं म्हटलं तर त्यात काही दिसतच नाही. नुसतं भेकर ओरडतंय. जीव तोडून ओरडतंय बिचारं. नको बघूस."

"मला ऐकायचंय फक्त."

त्यांनी फोन दिला. धाकटा चादरींच्या ढिगाशी भिंतीला टेकून बसला. पडद्यावर आधी पुलाचा कठडा, मग गवत, मग मावशीचा खांदा. मग आवाज. पहिल्याच भुंकण्याला त्याच्या अंगावर काटा आला. बापानं शिकवलेलं सगळं त्यात होतं, आणि बापाला शिकवता न आलेलंही होतं. पाच वेळा ते भुंकलं. मग थांबलं. त्या शांततेत खालून दोन ठोके आले.

धप्, धप्.

ऐकलं हो भावजी, छान झालं.

त्यानं तोंडावर हाताची मूठ दाबली. पडद्यावर कॅमेरा फिरला. भावाचा चेहरा आला. ओठांवर बोट, आणि बोटामागं हसू. मग पुन्हा भुंकणं, आता घाईघाईनं, आवाज फाटलेला, जवळजवळ खरखरीत. ठोके पुन्हा आले नाहीत. चित्रण संपलं.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला.

"अरे, कशाला छळतोस जिवाला?"

"एकदाच."

त्यानं ते नऊ वेळा ऐकलं. पाच, मग थांबणं, दोन ठोके, मग अकरा. अकरापैकी चौथा अर्धवट तुटलेला. शेवटचे तीन एकमेकांवर चढलेले. तो घशातल्या घशात ओठ न हलवता म्हणत गेला. मालकीणबाईंना वाटलं, तो प्रार्थना करतोय. त्या उठून दार लोटून बाहेर उभ्या राहिल्या.

मग तो बाहेर आला. "बाई, हे पुसून टाका. दादाच्या हाती लागू देऊ नका. त्यात तो हसताना दिसतोय."

त्यांनी त्याच्यासमोरच पुसलं. "शहाणा आहेस," त्या म्हणाल्या. "भावाची काळजी आहे तुला."

सकाळी सातला दोघं निघाले. थोरला पुलावर थांबला. धाकटा एकटाच खाली उतरला. खडकामागं त्याच्या बसण्यानं दबलेलं गवत एव्हाना सरळ झालं होतं. समोर ओढा, त्याच्या काठी धुण्याचा दगड, पावसापाण्यानं गुळगुळीत झालेला. तिकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, आणि तो तिकडंच बघत होता.

वर थोरल्यानं हात वर केला.

पहिला आवाज निघेना. त्यानं थुंकी गिळली, डोळे मिटले आणि भुंकला. एक. दोन. तीन. चार. पाच. झाडावरून पाखरं उडाली. मग तो थांबला. दोन ठोक्यांइतका वेळ. त्या जागी काहीच वाजलं नाही, नुसतं ओढ्याचं पाणी. त्या शांततेत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण मोजणं सुटलं नाही. मग सहा, सात, आठ, नववा अर्धा तुटलेला. आवाज फाटत गेला. तो मुद्दाम फाडत नव्हता. शेवटचे तीन एकमेकांवर चढले, आणि तो गुडघ्यांवर पडला.

तिकडे रानात दूर कुठंतरी एका खऱ्या भेकरानं घाबरून उत्तर दिलं, एकदाच, आणि गप्प झालं.

गवत तुडवत थोरला खाली आला. त्यानं धाकट्याला सदऱ्याला धरून उभं केलं. त्याच्या तोंडावर जे होतं ते बघून धाकट्याला वाटलं, कळलं याला. सगळं कळलं.

"तोच," थोरला म्हणाला. "अगदी तोच. तूच होतास."

"हो, दादा."

"ठोके ऐकायला थांबलास. म्हणजे तू तिला ऐकलंस. तिनं तुला दाद दिली. आणि पुढं एवढा जीव खाऊन ओरडलास की तुझ्या आवाजात तिचा आवाज ऐकू आला नाही मला." "साठ पावलं. तुला फक्त डोळे उघडायचे होते रे. एवढंच काम होतं तुला. डोळे उघडायचं."

"हो."

"हो काय म्हणतोस? काही बोल ना."

थोरल्यानं त्याच्या कानाखाली मारली. मग दुसऱ्या बाजूला. मग मारता मारता त्याच्या गळ्यात पडून रडला, चार दिवसांत पहिल्यांदा रडला, लहान मुलासारखा हुंदके देत. धाकट्यानं त्याला धरून ठेवलं. आणि रडणं संपल्यावर थोरल्यानं त्याला दूर लोटलं, तोंड पुसलं.

"आज निघ. मी तुला मारून टाकायच्या आत निघ. मी जिवंत आहे तोवर इकडं यायचं नाही."

"आईला भेटून जातो."

"भेट."

घरी आई दारातच उभी होती. मागून थोरला येतोय हे तिनं बघितलं. धाकट्याच्या गालावर उमटलेली बोटं बघितली आणि तिला समजलं की त्यानं काय केलं. तिनं आवाज चढवला. गल्लीत ऐकू जाईल इतका चढवला.

"निर्लज्जा, कुठल्या तोंडानं आलास? तुला दूध पाजलं ते वाया गेलं माझं. जा, नजरेसमोरून जा."

असं म्हणत म्हणत ती आत गेली. त्याचे दोन सदरे, टॉवेल, कंगवा, शेंगदाण्यांची पुडी एका पिशवीत कोंबत होती. तो उंबऱ्यात वाकला तेव्हा तिनं पिशवी त्याच्या छातीशी दाबली आणि एका क्षणात त्याच्या कपाळाला ओठ लावले. "पोचल्यावर गार्डच्या फोनवर सांग," ती पुटपुटली, आणि लगेच पुन्हा ओरडली, "मेला असतास तर बरं झालं असतं तिच्या जागी." ते शेवटचं वाक्य बोलताना तिची जीभ अडखळली, पण तिनं ते पुरं केलं. थोरला ऐकत होता.

धाकटा सडकेकडं गेला. त्यानं मागं वळून बघितलं नाही, कारण थोरला अंगणात उभा राहून बघत होता, आणि अपराधी माणूस मागं वळून बघत नाही.

थोरला आत आला. त्यानं हात-पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. मग भिंतीशी पाटावर बसला. चार दिवस तो तिथं बसत नव्हता, कारण शेजारची जागा बायकोची होती.

"काही आहे का खायला?" त्यानं विचारलं.

आईनं ताट मांडलं. भात, भाजी. त्यानं पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला. आई समोर बसून घासागणिक त्याच्या घशाकडं बघत होती.

"आई," तो जेवता जेवता म्हणाला, "मला काय वाटत होतं माहीत आहे? मला वाटत होतं, तो आवाज खरा होता. मी ऐकून बसून राहिलो. चार दिवस डोक्यात तेवढंच. मी ऐकलं आणि बसून राहिलो."

"नव्हता ना पण."

"नव्हता. तो हरामखोर होता."

आईनं हातातली पळी भांड्यात ठेवली. शिवी तिच्या कानात जाऊन बसली, आणि आता ती तिथंच राहणार होती, रोज, याच घरात, याच तोंडून. ती मान हलवून हो म्हणाली.

"आणखी वाढ," थोरला म्हणाला.

तिनं वाढलं.